नगरला जन्मलेला स्पाइक मिलिगन आणि पंचलाइन नसलेला विनोद

नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या माणसाला भुईकोट किल्ला माहीत असतो, नेहरूंनी तिथल्या कैदेत पुस्तक लिहिलं हे माहीत असतं, रणगाड्यांचं म्युझियमही माहीत असतं. पण ब्रिटिश कॉमेडी ज्याच्यामुळे कायमची बदलली तो माणूस १६ एप्रिल १९१८ ला याच गावात जन्मला हे सांगितलं की समोरचा विचारतो, कोण हो? स्पाइक मिलिगन. नट, लेखक, कवी, ट्रम्पेट वाजवणारा, आणि १९५० च्या दशकात बीबीसी रेडिओवर चाललेल्या 'द गून शो'चा मुख्य लेखक. मॉन्टी पायथन या जगभर गाजलेल्या ब्रिटिश विनोदी टोळीनं ज्याला गुरुस्थानी मानलं तो हा.

त्याच्याबद्दल लिहायचं कारण असं की त्याचा विनोद पहिल्यांदा ऐकला की आपल्याला तो निव्वळ गोंधळ वाटतो. चित्रविचित्र आवाज, धडाधड स्फोट, मधेच कुणीतरी किंचाळतं, गोष्टीला शेंडाबुडखा नाही. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या गोंधळाला एक नियम आहे, आणि बऱ्यापैकी कडक नियम आहे, तो एकदा कळला की मग सगळं उलगडत जातं. तो नियम कुठून आला हे समजायला त्याचं आयुष्य थोडं बघावं लागतं.

खरं नाव टेरेन्स अ‍ॅलन मिलिगन. वडील लिओ आयर्लंडमधल्या स्लायगोचे, ब्रिटिश लष्कराच्या तोफखान्यात, आणि त्यांना स्टेजचा भारी नाद. आई इंग्लिश. पोराचं बालपण पुण्याला कॅम्पात गेलं, शाळा म्हणजे तिथलं जीझस अँड मेरी कॉन्व्हेंट, मग वडिलांच्या बदलीबरोबर रंगून. ऊन, आया, छावणीतला बँड, परेड, हे त्याचं घर. १९३३ च्या सुमारास वडिलांची लष्करातली नोकरी संपली आणि सगळं कुटुंब लंडनच्या दक्षिण-पूर्व भागात येऊन राहिलं. पंधरा वर्षांचा मुलगा, कागदोपत्री तो 'मायदेशी' आलेला, पण ते गाव त्यानं धड पाहिलेलंच नाही, आणि तिथली थंडी, धुकं, पैशाची ओढाताण. हे लक्षात ठेवा, पुढे पासपोर्टच्या वेळी हेच प्रकरण वर येणार आहे.

लंडनमध्ये त्यानं किरकोळ नोकऱ्या केल्या, युकुलेले, गिटार, ट्रम्पेट वाजवायला शिकला, जॅझ बँडमध्ये घुसला. 'स्पाइक' हे नाव स्पाइक जोन्स नावाच्या अमेरिकन बँडवाल्यावरून पडलं, जो गाण्यात मधेच भोंगे, घंटा, पिस्तुलाचे बार असले आवाज घालायचा. म्हणजे नावातच पुढचं सगळं दडलेलं होतं म्हणा ना.

मग महायुद्ध. १९४० ला त्याला भरतीचं बोलावणं आलं, तोही तोफखान्यातच. आधी इंग्लंडच्या किनाऱ्यावर बेक्सहिलला, मग १९४३ ला उत्तर आफ्रिका, मग इटली. आफ्रिकेतला एक किस्सा तो आणि त्याचा पुढचा साथीदार हॅरी सिकोम दोघंही आयुष्यभर सांगत राहिले. मिलिगनच्या तुकडीची अवजड तोफ नीट बसवलेली नव्हती, ती उडवल्यावर मागे सरकली आणि कड्यावरून खाली गेली. खाली सिकोमची माणसं गाडीत बसलेली, त्यांच्या शेजारी हे धूड येऊन आदळलं. थोड्या वेळानं अंधारातून एक डोकं आत आलं आणि विचारलं, कुणी तोफ बघितली का? सिकोमनं विचारलं, कुठल्या रंगाची?

आता इथं थांबू, कारण तो नियम मी म्हणत होतो ना, तो याच दोन वाक्यांत आहे. तोफ हरवणं हीच अशक्य गोष्ट. पण दोघांपैकी कुणीही तिला अशक्य म्हणत नाही. शेळी हरवली तर आपण काय विचारू, रंग कुठला, शिंगं आहेत का, तसंच हा तोफेबद्दल विचारतो. एक वेडी गोष्ट सुरुवातीलाच मान्य करायची, तिच्यावर शंका घ्यायची नाही, आणि मग पुढचं प्रत्येक पाऊल अगदी सरळ, शहाण्या माणसासारखं, मनापासून टाकायचं. चुकीच्या पत्त्यावर निघालेला माणूस रस्त्यातले सगळे सिग्नल पाळत जातो तसं.

गून शोमधला सगळ्यात गाजलेला संवाद घ्या, १९५७ चा. एक्ल्स हा मिलिगनचं पात्र, भोळा, मोठ्या अंगाचा, अडखळत बोलणारा. ब्लूबॉटल हा पीटर सेलर्सचं, किनऱ्या आवाजाचा शाळकरी पोरगा. ब्लूबॉटल विचारतो किती वाजले. एक्ल्स म्हणतो थांब, माझ्याकडे कागदावर लिहिलेलं आहे, आठ वाजलेत. हे कुणी लिहून दिलं? सकाळी एका भल्या माणसाला वेळ विचारली, त्यानं लिहून दिली. आता मला कुणी वेळ विचारली की मी कागद दाखवतो. मग ब्लूबॉटलला शंका येते, आणि कुणी विचारलं तेव्हा आठ वाजलेले नसतील तर? तर मग मी कागद दाखवत नाही, असं काहीसं उत्तर. संवाद अजून बराच लांब जातो आणि शेवटी ब्लूबॉटललाही तसला कागद हवासा वाटायला लागतो.

बघा, यात कोटी नाही, शब्दांचा खेळ जवळपास नाही, कुणाची टर नाही. एक्ल्सच्या डोक्यात वेळ ही वस्तू आहे, खिशात ठेवता येणारी, एवढं एकच गृहीतक वाकडं आहे. बाकी सगळं तर्काला धरून. आपल्याकडे तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या साध्या प्रश्नाला असंच आडवं उत्तर देतो आणि मग त्या उत्तराला शेवटपर्यंत चिकटून बसतो, ती चाल ज्यानं ऐकलीय त्याला हा प्रकार परका वाटू नये.

पण या विनोदाची दुसरी बाजूही युद्धातच आहे, आणि ती हसण्यासारखी नाही. जानेवारी १९४४, इटलीत मॉन्टे कॅसिनोच्या लढाईच्या वेळी मॉर्टरचा गोळा जवळ फुटून तो जखमी झाला. पायाची जखम भरली पण मन सावरलं नाही, बोलताना अडखळायचा, तोफ उडाली की रडू फुटायचं. अशा अवस्थेत त्याला लवकरच परत तोफांजवळ पाठवलं गेलं, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यानं सांभाळून घ्यायच्या ऐवजी त्याची बढतीची पट्टी काढून घेतली, पुन्हा साधा गनर. हा अपमान तो कधीच विसरला नाही. मग लढाईतून काढून त्याला सैनिकांचं मनोरंजन करणाऱ्या पथकांकडे दिलं, तिथं तो गिटार घेऊन एका तिघांच्या ग्रुपमध्ये वाजवायला लागला आणि इटलीतच काही काळ राहिला.

युद्धानंतर लंडनमध्ये जिमी ग्राफ्टन नावाच्या गृहस्थाचा पब होता, ते स्वतः रेडिओसाठी लिहायचे. तिथं चार जण जमायला लागले: मिलिगन, सिकोम, सेलर्स आणि मायकल बेंटिन. सगळे सैन्यदलांतून आलेले. त्यांच्या टवाळीतून २८ मे १९५१ ला बीबीसीवर 'क्रेझी पीपल' नावानं कार्यक्रम सुरू झाला, पुढच्या वर्षी त्याचं नाव गून शो झालं. दुसऱ्या सीझननंतर बेंटिन बाहेर पडला, राहिले तिघे. जानेवारी १९६० पर्यंत दहा सीझन झाले.

रेडिओ हे इथं महत्त्वाचं आहे. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या लोकांना हे सांगावं लागत नाही, की आवाज ऐकला की चित्र आपण स्वतः काढतो. तोपर्यंत बीबीसीवरच्या कॉमेडीत बहुतेक वेळा स्टेजवरचेच विनोद माइकसमोर म्हटले जायचे, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं टोला हाणायचा, प्रेक्षक हसले की पुढचं. मिलिगनच्या लक्षात आलं की रेडिओवर खर्च शून्य आहे. १९५५ च्या एका भागात सिकोमचं पात्र नेडी सीगून पैशाच्या आमिषानं एका करारावर सही करतं, नेपोलियनचा पियानो पॅरिसहून इंग्लंडला आणायचा. आणायचा कसा? त्या पियानोवरच बसून, समुद्रातून, जहाजासारखा हाकत. सिनेमात हे दाखवायचं तर त्या काळात केवढा खटाटोप झाला असता, इथं लाटांचा आवाज, पियानोच्या दोन पट्ट्या आणि दोन माणसांचं गंभीर बोलणं, झालं काम. ऐकणाऱ्याच्या डोक्यात पियानो तरंगायला लागतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा.

यासाठी आवाज नेमके लागायचे. पीटर ईटन हा प्रोड्यूसर बीबीसीच्या नाटक विभागातून आलेला होता, त्यानं आल्यावर साउंड इफेक्ट आणि शिस्त या दोन्ही गोष्टी घट्ट केल्या. आणि मिलिगन आवाजाच्या बाबतीत हट्टी. सिकोम एक आठवण सांगायचा. मिलिगन बीबीसीच्या कँटीनमध्ये गेला, तिथल्या बायकांचा तो लाडका, म्हणाला मला कस्टर्ड करून द्या. त्यांनी प्रेमानं करून दिलं. यानं ते स्वतःच्या मोज्यांत ओतलं, स्टुडिओत आला आणि मोजा गरगर फिरवून प्लायवूडवर हाणला. आणि मग म्हणाला, मला पाहिजे तो आवाज हा नव्हे. मला या किस्स्यात त्याचा अख्खा स्वभाव दिसतो. डोक्यात आवाज आधी ऐकू आलेला आहे, आता जगातली कुठली वस्तू तो आवाज काढते ते शोधत बसायचं, कितीही वेळ गेला तरी.

आणि स्फोट. गून शोमध्ये इतके स्फोट का, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. मग लक्षात घ्या की ऐकणारे कोण होते. युद्ध संपून सहाच वर्षं झालेली, इंग्लंडात अजून रेशनिंग चालू, ते १९५४ ला संपलं. घराघरात बाँब ऐकलेली माणसं. आणि कार्यक्रमात मेजर ब्लडनॉक नावाचा मिशाळ, पळपुटा, लाचखाऊ अधिकारी, ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करातला जुना खोंड. ज्या अधिकारी वर्गानं पट्टी काढून घेतली त्यांना मिलिगन दर आठवड्याला राष्ट्रीय रेडिओवर असा सोलून काढत होता. आणि ज्या आवाजानं तो स्वतः मोडला होता तोच आवाज तो स्वतःच्या हातानं, स्वतःला हवा तेव्हा, लोकांना हसवायला वाजवत होता. हे माझं वाचन आहे, पण त्याच्या युद्धाच्या आठवणी वाचल्यावर मला दुसरं काही पटत नाही.

याची किंमत त्यानं फार मोजली. अर्ध्या तासाचं स्क्रिप्ट दर आठवड्याला, महिनोन्महिने. लॅरी स्टीफन्स, एरिक साइक्स यांनी सोबत लिहिलं, पण मुख्य भार याच्यावर. १९५२ च्या शेवटी तो पूर्ण कोसळला, चाकू घेऊन शेजारी राहणाऱ्या सेलर्सवर धावून जाण्यापर्यंत गोष्ट गेली, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. त्याला जो आजार होता त्याला आज बायपोलर म्हणतात, तेव्हा मॅनिक डिप्रेशन म्हणायचे. सोपं सांगायचं तर मन कधी इतकं वर जातं की झोप लागत नाही, डोकं थांबत नाही, माणूस रात्ररात्र काम करतो, आणि मग इतकं खाली येतं की अंथरुणातून उठणंसुद्धा जमत नाही. रोजच्या मूडसारखं हे नसतं, मनात आणलं म्हणून थांबतही नाही. आयुष्यात किमान दहा वेळा तो असा मोठ्ठा कोसळला.

बरेच लोक इथं म्हणतात की वेड होतं म्हणून प्रतिभा होती. मला हे अजिबात मान्य नाही. आजारानं त्याचे महिने खाल्ले, संसार खाल्ला, मित्रांशी संबंध बिघडवले. स्क्रिप्ट लिहिलं ते मेहनतीनं, आणि तो हॉस्पिटलात असताना कार्यक्रम चालू राहिला तो ग्राफ्टन, स्टीफन्स अशा लोकांनी सांभाळला म्हणून. आणि त्या पिढीत जेव्हा असल्या आजाराबद्दल कुणी तोंड उघडत नव्हतं तेव्हा हा उघड बोलायचा. १९९३ ला मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअरबरोबर त्यानं डिप्रेशनवर पुस्तकच काढलं.

टीव्हीवर त्यानं जे केलं ते समजायला आधी स्केच म्हणजे काय ते बघू. छोटा प्रसंग, तीन-चार मिनिटांचा, आणि शेवटी एक टोला, पंचलाइन, त्यावर हशा आणि अंधार. अडचण अशी की प्रसंग कितीही मजेशीर असला तरी टोला फुसका निघाला की सगळं पडतं, म्हणून लेखक सगळा जीव त्या शेवटच्या ओळीत घालतात आणि मधलं सगळं तिच्यासाठी ताणलेलं वाटतं. मिलिगननं मार्च १९६९ मध्ये बीबीसी टूवर 'क्यू फाइव्ह' सुरू केलं आणि सरळ टोलाच काढून टाकला. गंमत संपली की नट मधेच थांबायचे, कॅमेऱ्याकडे बघत पावलं टाकत पुढे यायचे आणि एका सुरात म्हणायचे, आता आपण काय करायचं? की लगेच दुसरंच काहीतरी सुरू. अंगावरच्या कपड्यांना बीबीसीच्या कपडेपटाची चिठ्ठी तशीच लोंबत ठेवलेली, म्हणजे हे नाटक आहे हे लपवायचंच नाही.

तेव्हाच मॉन्टी पायथनवाले पोरं स्वतःचा कार्यक्रम जुळवत होते. टेरी जोन्स पुढे सांगायचा की क्यू फाइव्ह बघून ते हबकले, आपण जे शोधतोय ते या माणसानं आधीच करून ठेवलंय. त्यांनी काय केलं, क्यू फाइव्हचा डायरेक्टर इयन मॅकनॉटन यालाच आपल्याकडे घेतलं. ऑक्टोबर १९६९ ला पायथन सुरू झालं आणि जगभर गेलं, मिलिगनचं नाव मागे राहिलं. त्याला त्याचं वाईट वाटायचं, आणि मला ते साहजिक वाटतं. १९७८ ला पायथनची टीम ट्युनिशियात सिनेमाचं शूटिंग करत होती, हा नेमका तिथं आपल्या जुन्या रणभूमी बघायला सुट्टीवर आलेला, त्यांनी त्याला एका सीनमध्ये घेतलं. थोडंसं काम केलं आणि निघून गेला.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. हा माणूस हिंदुस्थानात वाढला, हिंदुस्थानी बोलीचा लहेजा त्याच्या कानात पक्का बसलेला, गून शोमध्ये तो आणि सेलर्स लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन पात्रं करायचे, ती ऐकताना मला प्रेम जाणवतं, पण नक्कल ती नक्कलच. १९६९ ला त्यानं 'करी अँड चिप्स' या मालिकेत तोंडाला तपकिरी रंग लावून पाकिस्तानी-आयरिश कामगार रंगवला, स्क्रिप्ट जॉनी स्पाइटचं होतं. हेतू वंशद्वेषी लोकांना उघडं पाडायचा होता असं म्हणतात, पण त्यातल्या शिव्यांवर तक्रारी आल्या आणि सहा भागांत बंद पडली. १९७५ ला त्यानं स्वतः सहलेखन केलेली 'द मेल्टिंग पॉट' तर एका भागानंतर बीबीसीनं गुंडाळली. त्या काळी तिथं आलेल्या आपल्याकडच्या माणसांना रस्त्यावर तेच शब्द ऐकून घ्यावे लागत होते, त्यांच्या दृष्टीनं पाहिलं तर या कामाचा बचाव मला करता येत नाही.

आता पासपोर्ट. त्याचा जन्म हिंदुस्थानातला, वडिलांचा आयर्लंडमधला. दोन्ही ठिकाणी तेव्हा ब्रिटिश राज्य, म्हणून जन्मतः तो ब्रिटिश प्रजाजन. नंतर दोन्ही देश स्वतंत्र झाले आणि ब्रिटननं नागरिकत्वाचे नियम बदलत नेले, वडील कुठं जन्मले हा प्रश्न आला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला कळलं की ब्रिटिश पासपोर्टवर आपला आपोआप हक्क उरलेला नाही, अर्ज करा आणि राणीशी निष्ठेची शपथ घ्या. ज्यानं त्याच देशासाठी लढताना जखम आणि आजार दोन्ही घेतले त्याला पुन्हा निष्ठा सिद्ध करायला सांगणं हे त्याला फार लागलं. त्यानं शपथ घेतली नाही. आयरिश बापाचा मुलगा म्हणून आयर्लंडनं पासपोर्ट दिला आणि मरेपर्यंत तो आयरिश नागरिक राहिला. म्हणून तर पुढे ब्रिटननं त्याला नाइटहूड दिलं तेही मानद, परक्या नागरिकाला देतात तसं.

आताचा राजा, तेव्हाचा युवराज चार्ल्स त्याचा लहानपणापासूनचा भक्त. १९९४ ला एका पुरस्कार सोहळ्यात, लाइव्ह टीव्हीवर, चार्ल्सनं पाठवलेलं कौतुकाचं पत्र वाचलं जात असताना मिलिगननं मधेच त्याला लाळघोट्या म्हणून शिवी हासडली. सभागृह हसून कोसळलं. नंतर त्यानं चार्ल्सला निरोप पाठवला की आता नाइटहूड मिळणं काही शक्य दिसत नाही. मिळालं, काही वर्षांनी.

२७ फेब्रुवारी २००२ ला वयाच्या ८३ व्या वर्षी ससेक्समध्ये राहत्या घरी तो गेला. विंचेल्सी गावातल्या चर्चच्या आवारात पुरलं. त्याला थडग्यावर 'मी तुम्हाला सांगत होतो मला बरं नाहीये' असं हवं होतं, चर्चच्या अधिकाऱ्यांना ते पसंत पडेना. शेवटी २००४ ला तोडगा निघाला, वाक्य तेच, पण आयरिश भाषेत. त्यामुळे येणारेजाणारे बहुतेक लोक ते बघतात आणि वाचता न येता पुढे जातात. आणि वाक्य विनोदी आहे हे खरं, पण तो खरंच पन्नास वर्षं सांगत होता, बरं नाहीये म्हणून.

त्याच्याकडे वळायचं असेल तर पुस्तकांत 'अ‍ॅडॉल्फ हिटलर: माय पार्ट इन हिज डाउनफॉल' घ्या, १९७१ चं, सात भागांतल्या युद्ध-आठवणींचा पहिला. हसत हसत वाचता आणि कधी घशात काहीतरी अडकतं कळत नाही. घरात लहान मूल असेल तर त्याची 'निंग नँग नाँग'वाली कविता मोठ्यानं म्हणून दाखवा, १९९८ ला ब्रिटनमध्ये लोकांनी आवडती विनोदी कविता म्हणून तिला मत दिलं होतं, इंग्रजी येत नसलं तरी चालतं, कारण त्यातल्या नादासाठी कुठलीच भाषा यावी लागत नाही. आणि गून शो ऐकायचा तर नेपोलियनच्या पियानोपासून सुरू करा, हेडफोन लावून, डोळे मिटून. पहिल्या खेपेला अर्धं कळणार नाही, बोलणं भयंकर फास्ट आहे आणि त्या काळातले संदर्भ आपल्याला लागत नाहीत. दुसऱ्यांदा लावा. पियानो पाण्यात उतरतो तिथपर्यंत यायचं आणि मग कोण काय म्हणतंय याकडे लक्ष न देता फक्त लाटा ऐकायच्या.